धोंड्याच्या वाणाला दैवशालाची सायकल

दैवशाला रागीट आहे, असं अख्खं वालूर म्हणतं. मी तिच्या भिंतीला भिंत लागून राहते आणि मला उलटाच प्रश्न पडतो. ही पोरगी इतकी वर्षं गप्प बसली कशी?

लहानपणी आईबापांसोबत ऊसतोडीला गेलेली असताना ती ट्रॅक्टरवरून पडली. तेव्हापासून डाव्या पायात जोर नाही. तो पाय बघून पाहुणे परत जायला लागले, तेव्हा बापानं, ग्यानबानं, धाकट्या मंजुषाचं लग्न उरकून टाकलं. "थोरलीचं काय?" असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "हाय की घरी." त्याची मेंढरं असतात तशी.

पण दैवशाला घरी बसून नव्हती. ती सेलूला मोटार रिवायंडिंगच्या दुकानात कामाला जायची. शेतातल्या जळालेल्या मोटारींची तार उकलायची, नवी भरायची. सकाळची एसटी आली तर आली, नाही तर मालकाची बोलणी खायची. त्या पायानं सेलूपर्यंत पेडल मारणं होत नव्हतं. म्हणून शाळेत असताना मिळालेली सायकल तिनं बाहेर काढली. मागच्या चाकात बसणारी मोटर, बॅटरी, कंट्रोलर, असं एकेक सामान स्वतःच्या कमाईतून आणलं.

कंट्रोलर म्हणजे तळहाताएवढी डबी. बॅटरीतली वीज मोटरला किती सोडायची, ते ही डबी ठरवते. अंगणात सायकल उलटी करून दैवशाला बसली. मोटरच्या तीन जाड वायरी होत्या, पिवळी, हिरवी आणि निळी. रंगाला रंग जोडला, तर चाक नुसतं थरथरलं आणि गुरगुरलं. मोटर एका कंपनीची, डबी दुसऱ्या कंपनीची, आणि दोघींचे रंग जुळायला तयार नव्हते. तिनं बटण बंद केलं, जोड बदलला, पुन्हा चालू केलं. आता चाक फिरलं, पण उलटं. तिनं चाकाला अशी शिवी हासडली की तिच्या आईनं, भिवराबाईनं, घरात कानांवर हात ठेवले.

"बाईमानसाचं काम हाय का हे?" ग्यानबा मेंढरं घेऊन जाता जाता म्हणायचा. कधी पाना उचलून देणार नाही, पण बोलायला पुढं.

कितीतरी रविवार असे गेल्यावर चाक सुलटं फिरलं. ब्रेक दाबला की मोटर बंद व्हावी, यासाठीची बारीक वायर तिनं शेवटी जोडली. पाणी आत जाऊ नये म्हणून वायरींची बाजू खाली करून डबी सीटखाली घट्ट बांधली. त्यानंतर दुकानात तिला एकदाही उशीर झाला नाही.

मग धोंड्याचा महिना आला. लेक-जावयाला जेवायला बोलवायचं, वाण द्यायचं. मंजुषा आणि तिचा नवरा आदिनाथ आले. आदिनाथनं अंगणातली सायकल घेऊन गल्लीतून एक चक्कर मारली.

"मामा, लय झक्कास हाय!"

"आवडली का? मग न्या की," ग्यानबा म्हणाला. "वाण समजा."

आत आम्ही धोंड्यांत पुरण भरत होतो. दैवशाला पिठाच्या हातांनी तशीच बाहेर गेली.

"आबा, मला इचारलं का?"

ग्यानबा चिडला नाही. त्याला खरंच कळलं नाही. "तुला? तुला काय इचारायचं त्याच्यात?"

माझं डोकं तिथंच फिरलं. त्यानं शिवी घातली असती तरी परवडलं असतं.

"मी कामाला कशी जाऊ?"

"यष्टी हाय की."

"दे की बाई," भिवराबाई म्हणाली, "बहिनीचाच संसार हाय."

दैवशालानं सायकल उलटी केली, पाना घेतला आणि खाली बसली. वायरींचे जोड एकेक करून सोडवले. डबी काढून ओट्यावर ठेवली. "पाव्हणं, सायकल शाळेनं दिलेली हाय, ती न्या. मोटर, बॅटरी माझी हाय. ती मिळायची न्हाई."

आदिनाथचा चेहरा उतरला. "राहू द्या, मामा. मला काय ठाव?"

"जावयासमोर इज्जत घालवलीस माझी!" ग्यानबानं हात उगारला. तो मंजुषानं धरला. जेवणं उरकली, पण पानांत धोंडे तसेच राहिले. जावई धोतरजोडी घेऊन गेला. त्या दिवसापासून दैवशाला गावात रागीट ठरली. ग्यानबा मात्र भोळा!

दुसऱ्या दिवशी तिनं वायरी जोडल्या आणि कामाला गेली. ग्यानबानं तिच्याशी बोलणं टाकलं. तिनंही मनधरणी केली नाही.

परवा रविवारी त्याला शेजारच्या गावी एका सोयरिकीच्या बैठकीला जायचं होतं. टोपी घालून तो सायकलपाशी आला. हँडल धरलं आणि सोडलं. मग सायकलकडं बघतच बोलला, "दैवशाला, नेऊ का गं सायकल?"

जन्मात पहिल्यांदा त्यानं तिला काही विचारलं होतं. मला वाटलं, आता पोरीला भरून येईल.

"न्हाई," ती म्हणाली आणि केस विंचरत राहिली.

ग्यानबानं टोपी सारखी केली. मग पायीच निघाला.

गल्लीतल्या बाया म्हणतात, बापानं तोंडानं मागितल्यावर तरी द्यायची होती. का म्हणून? हो म्हणायलाच पाहिजे, तर मग विचारलं कशाला?