सोमलीयाडीच्या पायाचा डाग

हे मी बायकोलासुद्धा सांगितलं न्हाय. आणि आमच्या बायकोपासून काही लपवायचं म्हणजे — जाऊ द्या, तुमची तिची ओळख न्हाय म्हणून सांगतो.

निजामाच्या राज्यात लोहारा गावाकडं एका सरकारी दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. डॉक्टरसाहेब हैदराबादचे, बोलणं सगळं उर्दू. रोगी मराठी, कानडी, आणि तांड्यावरचे लमाण. साहेबांनी विचारलं, लमाणी येते का? मी छाती फुगवून सांगितलं, "जी हुजूर, अस्खलित!" येत काय होतं? बाजारात शेळी घ्यायला लागतं तेवढं — ये, बस, लई महाग सांगतीस. पण रुबाब असा की विचारू नका! गाव म्हणायचं, कंपाउंडरला समद्या भाषा येतात. ते ऐकून मी दिवसभर फुगलेला.

सोमली तांड्यावरची म्हातारी. मी तिला याडी म्हणायचो, म्हणजे आई. लई हसरी, लई तोंडाळ. लघवीतून साखर जायची तिच्या. गूळ सोड म्हणून मी हातवारे केले, तर तिनं मला शिव्या घातल्या, आणि दोघंही खो खो हसलो.

एकदा साहेब म्हणाले, हिचे पाय बधिर झालेत. भाजलं तरी कळायचं न्हाय, जखम भरायची न्हाय. डाग देऊ नको म्हणून नीट समजाव.

डाग म्हणजे तापल्या विळ्याचा चटका. दुखलं की डाग, ही आमच्याकडची रीतच. माझ्याही पोटावर आहे. पण बधिर — हे लमाणीत कसं सांगू? तेवढ्यात तिनंच पायाला विळा लावायची खूण केली. देऊ का? मला कळलं हो, चांगलं कळलं. नको म्हटलं तर ती का म्हणून विचारणार, आणि साहेब तिथंच हात धूत होते. माझं बिंग फुटलं असतं. मी — होय म्हणून मान हलवली.

पाय चिघळला. कापावा लागला.

साहेब भडकले: "इन लोगों को कितना भी समझाओ!" सोमलीनं माझ्याकडं बघितलं. बोट दाखवलं असतं तर? न्हाय दाखवलं. स्वतःचेच कान धरले तिनं.

पुढं मी तांड्यावर जाऊन तिच्याकडूनच लमाणी शिकलो. माझे उच्चार ऐकून ती पोट धरून हसायची. अखेर खरंच अस्खलित यायला लागली. मग चूक माझी होती, एवढं म्हणायला काय अवघड होतं? ती होती तोवर मी म्हणालो न्हाय.