पाठमोरं अस्वल

बारकी आता नावालाच बारकी राहिली होती. गुडघे कुरकुरायचे, चष्म्याचा नंबर वाढता, आणि खुर्चीतून उठताना ती आधी टेबलाचा आधार घ्यायची, मग देवाचा. पण घरात एकदा चिकटलेलं नाव काही सुटत नाही. साठी उलटून गेली तरी थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या तोंडी ती बारकीच.

लहान मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढणं हा तिचा जन्माचा उद्योग. नातेवाईक विचारायचे, "ते ठीक आहे ग, पण काम काय करतेस?" सुरुवातीला ती समजावून सांगायची. नंतर नंतर "काही नाही, घरीच असते" म्हणून मोकळी व्हायला लागली. घरीच असायची हे काही खोटं नव्हतं. खिडकीला लावलेलं टेबल, त्यावर कान तुटलेल्या कपांत उभे केलेले ब्रश, रंग कालवून कालवून मूळचा रंग विसरलेल्या बश्या, आणि सगळीकडे खोडरबराचा भुगा. उजव्या हाताला रंगाच्या पाण्याचा पेला आणि त्याच्याच शेजारी चहाचा कप. ब्रश चहात बुडायचा, ते एक वेळ चालायचं. पण कामाच्या नादात घोट पेल्यातला घेतला गेला की मग अर्धा दिवस तोंड निळं.

शाळेत मुलांना भेटायला बोलावलं की एक प्रश्न ठरलेला, "तुम्हाला सुचतं कसं?" बारकी काहीतरी गोड उत्तर द्यायची. खरं उत्तर होतं, चोरून. बसथांब्यावर पिशव्या सांभाळत मान वेळावून बघणारी बाई घरी येईपर्यंत कोंबडी झालेली असायची. बँकेतले चष्म्यावरून बघणारे साहेब तिने तीन पुस्तकांत घुबड म्हणून वापरले होते, आणि ते बिचारे दर वेळी उठून तिला खुर्ची द्यायचे. शेजारच्या काकांची जांभई पाणघोड्याला जशीच्या तशी बसली होती. भाजीच्या बिलामागे, औषधाच्या पाकिटावर, जिथे कोरं दिसेल तिथे ती माणसं टिपून घ्यायची. घरी आणली की शेपट्या लावायच्या, एवढंच काम उरायचं.

पण सगळ्यात मोठी चोरी घरातच झाली होती. ती बाबांची.

बाबा घरोघर फिरून पाण्याची मीटरं वाचायचे. अंगाने आडवेतिडवे, बोलायला कमी, आणि लोकांच्या जिन्याखाली वाकून वाकून खांद्यात वाकलेले. सकाळी सायकलवरून आधी दोन्ही मुलांना शाळेत सोडायचं आणि मग कामाला. पुढे दांडीवर बारकी, मागे कॅरिअरवर दादा. पुढची जागा म्हणजे राजाची जागा. घंटी हाताशी, वारा तोंडावर, सगळा रस्ता आपलाच. त्या जागेवरून दादा रोज भांडायचा आणि रोज हरायचा, कारण लहान पोर पुढे बसतं हा बाबांचा कायदा होता आणि बारकी काही त्याच्या आधी मोठी होणार नव्हती.

संध्याकाळी कामाची बॅग खुंटीला लागली की बाबा विचारायचे, "हं, आज मी कोण?"

बारकी सांगेल ते व्हायचे. करकोचा म्हटलं की कपाटाला धरून एका पायावर. गोगलगाय म्हटलं की पाठीवर उशी घेऊन जमिनीवर. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "दोन पोरं आणि एक जनावर सांभाळतेय मी या घरात!" बाबा हलायचे नाहीत. फक्त ओठांच्या कोपऱ्यातून विचारायचे, "झालं का ग?" चित्र कधीकधी झालेलं असायचं. पण झालं म्हटलं की बाबा उठणार, हातपाय धुणार, आणि मग ते सगळ्यांचे होणार. बारकी म्हणायची, "नाही अजून. हलू नका."

पुढे बारकी मोठी झाली, तिला पहिलं पुस्तक मिळालं. झोप न येणारं एक अस्वल. ते प्रत्येक जनावराच्या दारात जाऊन विचारतं, तुम्ही कसे झोपता? अस्वल म्हटल्यावर दुसरं कोण शोधायचं? बाबा तोवर निवृत्तीला आले होते, पण ट्रंकेवर बसून राहिले मुकाट. अंगात आईने विणलेला तपकिरी बटणांचा स्वेटर. पोरं शाळेत होती तेव्हा या स्वेटरवरूनही घरात कटकट असायची. त्याची मागची मान सारखी उसवायची. आई कधी निळ्या, कधी राखाडी, हाताला येईल त्या लोकरीने ती पुन्हा विणायची आणि म्हणायची, "हा माणूस काय स्वेटर खातो की काय!" बाबा आपले गप्प.

पुस्तक छापून आलं, आणि शाळेतली एक चिमुरडी उभी राहून म्हणाली, "अस्वलाचं बटण चुकलंय." बारकीने पान उलटलं, पुढचं उलटलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत अस्वलाच्या स्वेटरचं एकेक बटण खालच्या काजात गेलेलं. सकाळच्या घाईत बाबा बटणं लावायचे तशी. डोळ्यांनी पाहिलं, हाताने काढलं, डोकं मध्ये पडलंच नाही. ती रडवेली होऊन घरी आली. बाबांनी पुस्तक बघितलं, मग स्वतःच्या पोटाकडे बघितलं. "अरेच्चा! हे चुकलेलं असतं होय?" त्यानंतर ते मुद्दाम तसंच लावायला लागले. म्हणायचे, "आता छापून आलंय. बदलता येत नाही."

सगळे हसले, एक दादा सोडून. तो नुकताच नोकरीला लागला होता. बाबा एकदा त्याचा विसरलेला डबा घेऊन ऑफिसात गेले, तेव्हा कुणाचं तरी पोर तिथे होतं आणि ते ओरडलं, "अस्वल आलं!" अख्खं ऑफिस हसलं. बाबासुद्धा हसले. दादा मात्र घरी येऊन बारकीला म्हणाला, "चारचौघांत बाबांचं हसं केलंस तू." ते तिला लागलं. तेव्हापासून दादा घरी यायचा, फ्यूज बदलायचा, दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालायचा, पण टेबलावरच्या पुस्तकांकडे ढुंकूनही बघायचा नाही. तिनेही कधी दाखवलं नाही.

आणि आता इतक्या वर्षांनी ते पुस्तक पुन्हा निघत होतं. मोठ्या आकारात, चांगल्या कागदावर. प्रकाशनातल्या संपादक मुलीचा फोन आला.

"ताई, शेवटी एक पान कोरं राहतंय. तिथे अस्वल घरी निघालंय असं दाखवू या ना. पाठमोरं. नुसतं जाताना."

"देते की. त्यात काय."

"आठवड्याभरात छापायला जातंय. आणि ताई, नाहीच जमलं तर काळजी करू नका. आमच्याकडची एक मुलगी जुन्या चित्रांवरून कॉम्प्युटरवर करून देईल. कुणाला कळणारही नाही."

मुलगी चांगल्या मनाने बोलली होती. पण बारकीच्या मनात ते कुसळासारखं रुतून बसलं. कळणारही नाही म्हणे! तिच्या बाबांना शेवटच्या पानावर दुसरंच कुणीतरी घरी सोडणार, आणि कुणाला कळणारही नाही.

ती कामाला बसली. मागून अस्वल म्हणजे सोपं काम. एक मोठा गोल, वर छोटा गोल, दोन कान. तिने काढलं. छान आलं. दुसरं काढलं, तेही छान आलं. पण ती नुसतीच अस्वलं होती. एकही चित्र बघून तिला हाक मारावीशी वाटेना. खांदे रुंद केले, कंबर वाकवली, स्वेटर ढगळ केला. टेबलाखाली कागदाचे बोळे साचत गेले आणि ती तरबेज चित्रकार पहिलीतल्या पोरासारखी पेन्सिल चावत बसली.

मग तिने डोळे मिटले आणि बाबांना आठवायला लागली. हात लगेच आले. हँडलवरचे, बोटांना शाईचे डाग असलेले, मनगटावरचं सैल घड्याळ खालीवर सरकणारं. हनुवटी आली, सायकलवर तिच्या डोक्याला टोचणारी. ट्रंकेवर बसलेलं पोट आलं, चुकलेली बटणं आली. पाठ काही येईना. चित्राला बसताना ते नेहमी तिच्याकडेच तोंड करून बसायचे. "तू काय करतेस ते मलाही दिसू दे की," म्हणायचे. तिने अल्बम काढले. पण फोटोत पाठ करून कोण उभं राहतं? बाबांना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. आपल्याकडे ते सगळेच्या सगळे आहेत, असं ती समजून चालली होती. आज कळलं की अर्धेच आहेत. तिथे मात्र तिचा धीर सुटला.

नेमका त्याच वेळी दादा आला. हातात पाना, खिशात वायसर. स्वयंपाकघरातला नळ गळतो म्हणून तिनेच त्याला बोलावलं होतं आणि विसरली होती. त्याने तिच्या डोळ्यांकडे पाहिलं.

"काय ग, नळ गळतोय की तू?"

"दोन्ही," बारकी म्हणाली.

दादा मुकाट्याने नळाकडे गेला. तिथे खाटखूट सुरू झाली. त्याला विचारावं की नाही, यात तिचा बराच वेळ गेला. पुस्तकाचं नाव काढलं की त्याचं तोंड वाकडं होणार, हे तिला माहीत होतं. पण अडला हरी. ती स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

"दादा, तुला बाबांची पाठ आठवते का रे?"

खाटखूट थांबली.

"कशाला?"

"मला आठवत नाही. अस्वल घरी जाताना काढायचंय. मागून. मला काही केल्या येत नाही."

दादाने पाना ओट्यावर ठेवला.

"तुला कशी आठवेल? तू पुढे बसायचीस," तो म्हणाला. "रस्ता तुझ्या वाट्याला. माझ्या वाट्याला पाठ. शाळेत पोचेपर्यंत समोर दुसरं होतं काय मला? पाठच पाठ."

बारकी दाराला टेकली.

"उजवा खांदा वर असायचा. बॅग घसरू नये म्हणून. बॅग नसली तरी वरच. चढ आला की दोन्ही खांदे कानापर्यंत जायचे, आणि उतार लागला की असे खाली पडायचे, सुटले बिचारे. स्वेटर एका बाजूला वर चढलेला, तुझ्या त्या बटणांमुळे. आणि मागे मानेपाशी लोकरीचं एक टोक सुटलेलं असायचं." तो थांबला. "ते मी ओढायचो."

"काय?"

"रोज. थोडं थोडं. मला पुढे बसवत नव्हते ना!"

"अरे मेल्या! आणि आई जन्मभर बाबांना बोलली त्या मानेवरून!"

"बाबांना ठाऊक होतं. ओढलं की मागे न बघता म्हणायचे, 'पुरे आता, थंडी वाजते.' घरी कधी बोलले नाहीत."

बारकीला हसू फुटलं आणि हसता हसता पुन्हा डोळे भरून आले. दादाने हात पुसले, फडकं खुंटीला लावलं आणि टेबलापाशी आला. तिथल्या बोळ्यांतला एक उलगडून बघितला. "ह्यॅ," म्हणाला आणि टाकून दिला. मग त्याने स्वतःच्या स्वेटरची बटणं काढायला घेतली.

"काय करतोस?"

"वरचं एक काज सोडून लावायचं ना? पुस्तकात तसंच आहे."

"तू पुस्तक बघितलंस?"

"बघितलंस काय विचारतेस! दुसरं काही वाचलं तर नात झोपत नाही. पाठ झालंय मला." तो बटणांकडेच बघत बोलत होता. "परवा विचारत होती, अस्वल कुठे राहतं? म्हटलं, राहायचं आमच्याकडे."

एकेक बटण खालच्या काजात घालून दादाने बारकीकडे पाठ केली आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. आधी नुसता दादाच उभा होता. मग त्याने उजवा खांदा थोडा वर घेतला, मान किंचित पुढे काढली, आणि बारकीने झटकन कागद पुढे ओढला. पोरपणी काडीसारखा असलेला हा माणूस कधी एवढा रुंद झाला, तिला कळलंच नव्हतं. तो येता-जाता तिच्या घरात वाकून काही ना काही दुरुस्त करत होता आणि ती टेबलाकडे तोंड करून बसलेली होती.

पेन्सिल थांबली नाही. वर गेलेला खांदा, चढलेला स्वेटर, मानेपाशी लोकरीचं एक सुटलेलं टोक. स्वयंपाकघरात नळ अजून गळत होता, पण दोघांनीही तिकडे लक्ष दिलं नाही.

बऱ्याच वेळाने, न वळता, दादाने विचारलं, "झालं का ग?"

चित्र केव्हाच झालं होतं. बारकीने पेन्सिल खाली ठेवली, चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा नीट डोळ्यांवर बसवला.

"नाही अजून," ती म्हणाली. "हलू नकोस."