गुणवंताची शुगर

नागपुरात एचआयव्हीच्या गोळ्या सरकारी सेंटरवर फुकट मिळतात. रांगेत मात्र एकही पेशंट नसतो. सगळे दुसऱ्या कोणाच्या तरी गोळ्या न्यायला आलेले! अशा ठिकाणी किस्से साठणार नाहीत तर काय?

गुणवंता माझा तिथलाच दोस्त. कामठीला पॉवरलूमवर कामाला. पहिल्या भेटीत म्हणाला, "भावाच्या गोळ्या घ्यायले आलो."

"मीही भावाच्याच," मी म्हणालो.

तेवढ्यात काउन्सेलर ताईंनी हाक मारली, "चला, दोन्ही भाऊ वजनकाट्यावर या!"

*

गोळ्यांची बाटली वाजते, म्हणून आम्ही तिच्यात कापूस कोंबतो. एकदा गुणवंता विसरला. शेअर ऑटोत खड्ड्याखड्ड्याला खुळखुळ!

शेजारच्यानं विचारलं, "काय वाजून राहिलं गा?"

"पोराचा खुळखुळा."

ऑटोवाला निघाला मोहल्ल्यातला. गर्रकन वळून म्हणाला, "लगन कधी केलं बे? आमाले बलावलं नाही!"

*

घरी म्हातारी माय. तिला त्यानं सांगून ठेवलं, गोळ्या शुगरच्या आहेत. तेव्हापासून रोज सकाळी ग्लासभर कारल्याचा रस! मामेभावाच्या लग्नात जिलबी आली, तर माय त्याच्या पानावर हात आडवा धरून बसली.

म्हणून मी दर वेळी त्याच्यासाठी संत्रा बर्फी नेतो. बाकीचे सेंटरवर तोंड लपवून येतात, हा तोंड गोड करायला!

"सांगून टाक ना मायले," मी एकदा म्हणालो.

"आम्ही मायलेक एकाच ताटात जेवतो गा. तिनं माहं ताट वेगळं केलं तर?"

मी बर्फीचा डबा पुढे सरकवला.

*

गुणवंताचा रिपोर्ट आला. ताई म्हणाल्या, "विषाणू आता तपासणीत सापडत नाही. पण गोळी चुकवायची नाही!"

"मायलेही सापडला नाही म्हणजे झालं!"

*

मागच्या महिन्यात गुणवंताचा पाय मोडला. गोळ्या संपत आलेल्या. "तूच घेऊन ये," असा त्याचा फोन आला. मी बर्फीच्या डब्यासकट सेंटरवर पोहोचलो, तर खिडकीशी एक म्हातारी खणखणीत आवाजात सांगत होती, "गुणवंताच्या गोळ्या द्या. मी त्याची माय."

अख्खी रांग वळून बघायला लागली.

मी घाबरून पुढे झालो. "माय, ही शुगरची खिडकी नाही."

"मले मालूम हाये. कवाचंच."

"मग कारल्याचा रस काहून पाजता?"

"मायसंग खोटं बोलते ना! कबूल करेपर्यंत पिऊ दे!"

तिनं पिशवीतून कापूस काढला, बाटलीत नीट कोंबला आणि निघाली. दोन पावलांवर थांबून माझ्या डब्याकडे पाहिलं.

"अन् बर्फी चारणारा तूच का गा?"