स्वतःची कामे स्वतः करते

आमच्या घरातलं कोणी मळक्या कपड्यात दवाखान्यात गेलेलं मला आठवत नाही. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली त्याच्या आदल्या दिवशी आजीनं दोघांचे पांढरे कपडे धुऊन, घड्या घालून गादीखाली दाबून ठेवले होते, असं आई सांगते. तिनं ते पाहिलं नव्हतं, तिलाही कोणी सांगितलेलंच. पण घरचा नियम तिथून सुरू झाला. शाळा असो, कचेरी असो, दवाखाना असो, टेबलाच्या पलीकडे शिकलेला माणूस बसला असेल तिथं इस्त्रीचा कपडा घालूनच जायचं. बाबा बाजारात हमाली करायचे. माझ्या कॉलेजच्या प्रवेशाला आले तेव्हा त्यांच्या शर्टाच्या बाहीची घडी कागदासारखी उभी होती. तिथल्या क्लार्कनं त्यांना "बसा" म्हटलं. ते "बसा" बाबांनी महिनाभर सगळ्यांना सांगितलं.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. बी.कॉम., फर्स्ट क्लास. सांगते, कारण सांगण्यासारखं आहे. पुढे विमानतळाजवळच्या मिहानमधल्या एका कंपनीत लागले. विमानाच्या सुट्या भागांचे कागद तपासायचं काम. भागावरचा नंबर आणि कागदावरचा नंबर एकच आहे ना, ते पाहायचं. साधं वाटतं, पण एक आकडा चुकला तर तो भाग विमानाला लावता येत नाही. पहिल्या पाच वर्षांत माझ्या हातून एकही चूक झाली नव्हती.

दुखणं सुरू झालं ते मानेपासून. मग खांदे, कंबर, मांड्या, तळपाय. सकाळी उठले की दिवसभर पोती उचलून आल्यासारखं अंग असायचं. बाबांना रात्री असंच होत असेल, पण त्यांनी पोती उचललेली असायची. मी फक्त झोपलेली असायचे. हातातली बांगडी टोचायला लागली. आई डोक्याला तेल लावायची तर कातडी सोलल्यासारखी व्हायची, म्हणून तेल बंद केलं. आई म्हणाली, "तेल नाई, बांगडी नाई. कोन मेलं वं?"

पहिले गल्लीतले डॉक्टर. त्यांनी कॅल्शियम दिलं, ड जीवनसत्त्वाच्या पुड्या दिल्या, उन्हात बसायला सांगितलं. नागपूरच्या मे महिन्यात. मग हाडांचे डॉक्टर. त्यांनी मानेचा एक्सरे काढला, उजेडासमोर धरला आणि चांगला आहे म्हणाले. एक्सरे चांगला निघाल्याचं मला वाईट वाटलं, हे घरी सांगता येईना.

"लग्न?" त्यांनी विचारलं.

"नाही झालं."

त्यांनी आजार सापडल्यासारखी मान हलवली आणि झोपेची गोळी लिहून दिली.

असे चार डॉक्टर झाले. प्रत्येकाकडे जायच्या आदल्या संध्याकाळी मी साडीला इस्त्री करायचे. त्या इस्त्रीनं खांदे असे भरून यायचे की डॉक्टरांसमोर बसेपर्यंत अर्धा जीव गेलेला असायचा. तरी केस नीट, पदराला पिन, हातात फाईल. फाईलमध्ये सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे, वर एका कागदावर केव्हापासून काय दुखतं ते सुवाच्य अक्षरात. एक डॉक्टर तो कागद वाचून हसले. "मॅडम, इतकं व्यवस्थित लिहिणारा माणूस आजारी नसतो. इंटरनेट पाहणं बंद करा." मी त्यांना धन्यवाद म्हणून बाहेर आले. रिक्षात बसल्यावर मला राग आला. मला राग नेहमी उशिराच येतो.

रामदासपेठेतल्या सांधेवाताच्या डॉक्टरबाईंचा नंबर लागायला दोन महिने गेले. त्यांनी फाईल बाजूला ठेवली आणि अंगठ्यानं माझ्या मानेखाली, खांद्यावर, कोपराजवळ, गुडघ्याच्या आत दाबून पाहिलं. "इथं? आणि इथं?" माझा श्वास आत ओढला जात होता. इतक्या वर्षांत हात लावून पाहणाऱ्या त्या पहिल्या.

"फायब्रोमायल्जिया," त्या म्हणाल्या. "रक्तात दिसत नाही, एक्सरेत दिसत नाही. पण आहे. तुमच्या मनाचे खेळ नाहीत हे."

मला इतका आनंद झाला की त्या थोड्या गोंधळल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "हे सांभाळावं लागतं. पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही."

दोन गोळ्या लिहून दिल्या, एक सकाळची आणि एक संध्याकाळची. सुरुवातीला चक्कर येईल, पाय सुजतील, पण मनानं बंद करू नका, एकदम तर मुळीच नाही, असं बजावलं. खालच्या मेडिकलमध्ये महिनाभराच्या गोळ्या घेतल्या आणि पाकीट जवळजवळ रिकामं झालं. आईनं घरी पट्टी उलटसुलट करून पाहिली. "याच्यात काय सोनं घालते का वं हे लोकं?"

तेच औषध दुसऱ्या नावानं स्वस्तात मिळतं हे मी शोधून काढलं. प्रताप नगरात, आमच्या भाड्याच्या खोल्यांपासून चालत जाण्यासारखं एक जेनेरिक औषधांचं दुकान आहे. किंमत पुष्कळ कमी. पण तिथं औषध असेलच असं नाही.

"मॅडम, पंच्याहत्तर एमजीची खतम झाली," दुकानदार म्हणायचा. "हफ्त्यानं या."

"हप्ताभर काय करू?"

"पन्नासची घेऊन जा ना. थोडी कमी दुखंल."

"कमी दुखणार नाही, जास्त दुखेल."

"तेच म्हनून राहिलो मी."

आणि चिठ्ठी तीन महिन्यांपेक्षा जुनी झाली की तो देत नसे. बरोबरच होतं त्याचं, कायदा आहे. म्हणजे तीन महिन्यांनी पुन्हा रामदासपेठ, पुन्हा फी, पुन्हा अर्ध्या दिवसाची रजा. गोळ्यांनी दुखणं निम्म्यावर आलं होतं हे खरं. पण डोक्यात धूर भरल्यासारखं व्हायचं. एकदा नंबरात सहाच्या जागी आठ पडलेला माझ्या नजरेतून सुटला. पुढच्या महिन्यात पुन्हा एकदा. रजा तर सगळ्या संपल्याच होत्या.

साहेबानं बोलावलं. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, चांगला मुलगा. म्हणाला, "मॅडम, तुमचं काम मला माहीत आहे. आठवड्यातले तीन दिवस घरून देतो, प्रवास तरी वाचेल. पण वरचे मला कागद मागतात. सरकारी डॉक्टरचं लिहून आणा, की रोज पूर्ण वेळ येणं जमत नाही. एवढंच. नाहीतर पुढच्या महिन्यात तुमचं नाव यादीत जाईल."

कोणती यादी हे मी विचारलं नाही. घरात कमावणारी मी एकटी. बाबा गेले, आई साठीच्या पुढे. नोकरी राहिली तर गोळ्या, आणि गोळ्या राहिल्या तर नोकरी.

सरकारी दवाखान्यात सकाळी आठला रांगेत लागले, साडेबाराला आत गेले. डॉक्टर थकलेले होते, पण माणूस वाईट नव्हता. रामदासपेठेची चिठ्ठी त्यांनी पूर्ण वाचली. मग विचारायला लागले.

"घरी स्वयंपाक कोण करतं?"

"मीच करते."

"कपडे?"

"मीच धुते."

"आज कोणाबरोबर आलात?"

"एकटीच. बसनं आले."

"शिक्षण?"

"बी.कॉम., फर्स्ट क्लास."

"नोकरी किती वर्षं?"

"सात. एकाच ठिकाणी."

पाचही उत्तरं मी ताठ बसून दिली. आयुष्यभर याच प्रश्नांना अशीच उत्तरं द्यायची तयारी केली होती. कोणावर भार नाही, कोणापुढे हात नाही. शेवटचं उत्तर देताना तर मला बरंही वाटलं.

त्यांनी लिहून कागद हातात दिला. बाहेर बाकावर बसून वाचला. इंग्रजीत होता. स्वतःची सर्व कामे स्वतः करते, कामावर जाण्यास योग्य. खाली शिक्का. कोणी वाचून दाखवायची गरज पडली नाही. एवढ्यासाठीच शिकले होते.

मी परत आत गेले. "सर, मी करते, पण केल्यावर दोन दिवस पडून असते. कपडे रविवारी धुतले तर मंगळवारपर्यंत हात वर जात नाही. भात आईच—"

"मग हे आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही कोण करतं विचारलं. मी करते."

ते माझ्याकडे, मग माझ्या साडीकडे पाहत राहिले. "बाहेर गेल्यावर कोणी सांगितलं, असं बोला म्हणून?"

"कोणी नाही."

"बाहेर सगळेच शिकवतात, मॅडम." त्यांनी घंटी वाजवली आणि दुसरा पेशंट आत आला.

घरी आईला सांगितलं. तिनं डोक्याला हात लावला नाही, मला बोलली.

"मंग नाई म्हनायचं ना वं."

"खोटं कसं सांगू?"

"खोटं कुठी आहे त्याच्यात? परवा भात कोनं शिजवला?"

"तू."

"कपडे कोनं वाळू घातले?"

"तू."

"मंग त्याले मीच-मीच काहून करून आली?"

पंधरा दिवसांनी पुन्हा जाता येणार होतं. तोपर्यंत आईनं माझी तयारी करून घेतली. ती खाटेवर बसायची, चष्मा नाकाच्या टोकावर ओढायची आणि आवाज जड करायची. "हां, बाई. आंघोळ कोन घालते?"

"मीच कर—"

"मीच नाई म्हनू! तांब्या उचलत नाई म्हन."

"तांब्या उचलत नाही, साहेब."

"असं ताठ बसून नको म्हनू वं. तू काय भाषनाले उभी आहेस का?"

आम्ही दोघी हसलो. हसताना बरगड्या दुखल्या. तिनं लगेच बोट दाखवलं, "हे असं तोंड कर तिथं." मला तसं तोंड मुद्दाम करता येईना.

शेवटी म्हणाली, "जुना सलवार घालून जाय. केस नको विंचरू. बाजूची निराधारच्या पेन्शनले तशीच गेलती. एका फेरीत काम झालं तिचं."

त्या सकाळी मी ती विटकी सलवार घातली. फाटकापर्यंत गेले. शेजारच्या घरासमोर दूधवाला उभा होता, त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. मी परत आले आणि साडी नेसले. आईनं खाली बसून निऱ्या धरल्या, कारण माझी बोटं त्या दिवशी मिटत नव्हती.

या वेळी आत वेगळ्या डॉक्टर होत्या, तरुण मुलगी. तिनं मला काहीच विचारलं नाही. दवाखान्याच्या कागदावर आधीचं लिहिलेलं होतं, ते वाचलं. मीच सुरुवात केली. "मला घरची कामं जमत नाहीत. तांब्या उचलत नाही. भात आई शिजवते. रोज पूर्ण वेळ बसणं होत नाही." आयुष्यात पहिल्यांदा मी परक्या माणसासमोर हे बोलत होते, आणि माझा आवाज मलाच पाठ केल्यासारखा ऐकू आला.

"आधीच्या सरांनी तर वेगळं लिहिलंय," ती म्हणाली.

"त्या दिवशी मी नीट सांगितलं नाही."

"मॅडम, त्यांनी तपासून लिहिलंय. मी कसं बदलू? मोठ्या मेडिकल बोर्डाकडे अर्ज करा. पण हा आजार त्यांच्या अपंगत्वाच्या यादीत बसत नाही, आधीच सांगते." तिनं लिहिलं, मत पूर्वीप्रमाणे. सही करताना एकदा वर पाहिलं आणि म्हणाली, "साडी छान आहे." टोमणा नव्हता. तिला खरंच आवडली होती.

साहेबानं दोन्ही कागद वाचले. त्याला माझ्याकडे पाहवेना. "मॅडम, यात तर तुम्ही फिट आहात."

"हो, तसं लिहिलंय."

पुढच्या महिन्यात तिसरी चूक झाली. त्याच्या पुढच्या महिन्यात यादी लागायच्या आत मी राजीनामा दिला. काढून टाकलं असं कोणी म्हणू नये म्हणून. इंग्रजीत लिहिला, दोन परिच्छेद, कुठं खाडाखोड नाही. साहेब म्हणाला, कारण लिहा ना, पुढे कधी उपयोग होईल. मी वैयक्तिक कारण एवढंच लिहिलं. आता वाटतं आजाराचं नाव लिहायला हवं होतं. तेव्हा नाही वाटलं.

रामदासपेठेच्या डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांनी फी न घेता ऐकून घेतलं, हे मी विसरणार नाही. दोन्ही गोळ्या परवडत नसतील तर सकाळची हळूहळू कमी करत बंद करा, म्हणाल्या. संध्याकाळची सोडू नका. दुखणं वाढेल हे त्यांनी लपवलं नाही, आणि ते वाढलं. घरी शिकवण्या घेऊन पाहिल्या, पण तासभर बसलं की मुलांसमोर तोंड वाकडं व्हायचं, आणि मुलं घाबरायची. तीन आयांनी फी चुकती केली आणि पोरं पाठवणं थांबवलं. मीही त्यांच्या दारात विचारायला गेले नाही.

गेल्या दिवाळीनंतर आईनं दोन गल्ल्या सोडून एका घरी पोळ्यांचं काम धरलं. मला न विचारता. कळलं तेव्हा मी खूप बोलले, नको ते बोलले. तुझी पोरगी ग्रॅज्युएट आहे, असंही म्हणाले. ती पिठाचे हात पुसत ऐकत होती.

"झालं तुहं?" म्हणाली. "मंग गोळी घेऊन घे आता."

तिच्या पगारात संध्याकाळची गोळी येते. सकाळची बंद आहे.