धाकटीच्या छातीतली शिट्टी

माझ्या धाकट्या बहिणीला दमा आहे आणि मला नाही, याचा राग मला सातव्या वर्षापासून आहे. असं उघड बोलायची सोय नाही. लोक म्हणतील, बाईचं डोकं फिरलंय. पण ज्यांच्या घरात एखादं आजारी भावंड वाढलंय, त्यांना मी काय म्हणते ते बरोबर कळेल.

आमचं घर देवळीला, जिनिंगच्या मागच्या गल्लीत. कापूस यायला लागला की रुईची भुरभुर अंगणातल्या तुळशीपर्यंत यायची आणि धाकटीची छाती वाजायला लागायची. मग आई हातातलं काम टाकायची, तिला पुढ्यात बसवायची, तिच्या पाठीला कान लावायची आणि डोळे मिटून आतली शिट्टी ऐकत राहायची. मी रिबन हातात धरून शेजारी उभी.

"आई, माझी वेणी."

"थांब वं, तिचं होऊ दे."

माझं सगळं लहानपण या एका वाक्यात मावतं. तिच्यापायी घरात दही बंद, केळी बंद, बोरं बंद. खोकायची ती आणि पथ्य मला. एकदा मीही घशातून शिट्टी काढून दाखवली. दोन दिवस सराव केला होता. आईने लांबूनच पाहिलं आणि म्हणाली, "नाटकं नोको करू. तुले काय धाड भरली?" कान काही लावला नाही.

आता मी पन्नाशीला आले. सासर वडनेरचं, नोकरी तिथल्याच शाळेत. आई देवळीला धाकटीकडे राहते. माझ्याकडे चल म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं, "मी आलो तं हिच्या छातीकडे कोन पाहीन?" वय झालंय, कानांनी तर केव्हाच राजीनामा दिलाय, पण पाहणार तीच.

मागच्या हिवाळ्यात धाकटीचा फोन आला. ती वर्ध्याच्या ज्या दवाखान्यात दाखवते, तिथे एक संशोधन चाललं होतं. दम्याच्या माणसाची श्वासनळी जराशी धूळ लागली, जरासा गारवा लागला की आवळते. बाकीच्यांची तेवढ्यावर आवळत नाही. एकाच आईच्या पोटी जन्मून, एकच रुई नाकात घेऊन वाढलेल्या दोघांत हा फरक कुठून येतो, ते त्यांना शोधायचं होतं. म्हणून प्रत्येक दमेकऱ्याबरोबर त्याचं एक निरोगी भावंड हवं होतं.

"तुले तं काहीच होत नाई ना, मंग येजो," धाकटी म्हणाली.

म्हणजे संशोधनातही मी कोण, तर तिची बहीण. तरी गेले. मनात एकच होतं, काहीतरी निघावं. थोडंसंच. आईला सांगता येईल एवढं.

सकाळपासून चहा घ्यायचा नाही असं बजावलेलं, त्यामुळे बसमध्येच डोकं दुखायला लागलं. धाकटी सोबतीला होती, तिची तपासणी आधीच झाली होती. दवाखान्यात शिपायापासून डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळे तिला "या ताई, बऱ्या आहात ना" करत होते. माझ्याकडे पाहून विचारलं, "ह्या कोण?"

डॉक्टरीणबाईंनी सही घेण्याआधी सगळं नीट समजावलं. आधी नळीत जोरात फुंकायचं, पडद्यावर रेघ उमटते. मग वाफेतून औषध ओढायचं आणि पुन्हा फुंकायचं. औषध दर खेपेला वाढवत नेतात. श्वासनळ्या आवळल्या तर फुंकर कमी पडते. ठरावीक पातळीच्या खाली गेली की थांबतात आणि नळ्या मोकळ्या करणारं औषध देतात. मी मान डोलावत होते आणि मनात भलतंच शिजत होतं. फुंकर कमीच पडायला हवी ना? पाडते की.

पहिली फुंकर मी जोरात मारली. मग वाफ ओढली आणि दुसरी फुंकर अर्ध्यावर सोडून दिली. वर थोडी खोकलेही. मशीनवर बसलेले गृहस्थ पवनारचे, चांगले पोक्त. त्यांनी रेघेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ताई, आत्ता तं नुसतं मिठाचं पानी देल्लं तुमाले. औषध अजून सुरूच नाई झालं."

दार उघडं होतं. बाहेरच्या बाकावर धाकटी फसकन हसली.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "तुम्ही दोघी म्हणजे आमच्यासाठी एक जोडी. तुम्ही खोटं फुंकलंत तर तुमच्या बहिणीचीही तपासणी वाया जाईल. नको असेल तर आत्ताच थांबू." शाळेत पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवणारी मी, जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. "पहिल्यापासून घ्या," मी म्हटलं, "आता खरं फुंकते."

खरंच फुंकलं. औषधाच्या पहिल्या खेपेला काही नाही, दुसरीला नाही, तिसरीला नाही. म्हटलं, झालं, आपलं नशीबच धडधाकट. चौथ्या खेपेला छाती आवळली, पोत्याचं तोंड सुतळीने आवळावं तशी. मी जीव खाऊन फुंकलं. रेघ वर जाईना. पुन्हा फुंकलं, जाईना. श्वास आत जात होता, बाहेर यायला कुरकुरत होता. आणि मग मला ती ऐकू आली, माझ्याच आतून. शिट्टी.

मी भयंकर घाबरले. त्यांनी नळ्या मोकळ्या करणारं औषध लगेच दिलं, पण त्याआधी धाकटी कुणाला न विचारता आत आली होती आणि तिचा हात माझ्या पाठीवर होता. "खांदे ढिले सोड. बोलू नोको. ओठ जवळ घे अन् हळूच सोड श्वास." इतकी शांत, की तेवढ्या घाबरगुंडीतही मला तिचा हेवा वाटला. हेसुद्धा हिला माझ्यापेक्षा चांगलं जमतं!

थोड्या वेळात छाती मोकळी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "याचा अर्थ तुम्हाला दमा आहे असा नाही. तुमच्या नळ्याही चिडक्या आहेत, पण एरवी त्रास देत नाहीत. का देत नाहीत, तेच आम्हाला समजून घ्यायचंय."

देवळीला घरी आलो तेव्हा आई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मला पाहून पहिला प्रश्न, "तिले काही त्रास तं नाई झाला ना?" तिले म्हणजे धाकटीले.

धाकटी तिच्या कानाशी वाकून ओरडली, "मले नाई वं, हिले! हिची छाती वाजली आज!"

आईने शेंगांचं सूप बाजूला सारलं. "बस," म्हणाली. पन्नाशीची मी, तिच्याकडे पाठ करून मुकाट्याने बसले. तिने माझ्या पाठीला कान लावला. छाती केव्हाच साफ झाली होती, आणि वाजत असती तरी कुकरची शिट्टी ऐकू न येणाऱ्या बाईला ती काय ऐकू येणार होती? बराच वेळ ती तशीच राहिली. मग म्हणाली, "वाजून राह्यली वं थोडी."

मी जराही हलले नाही.

"आई, आता माही छाती पाह्य ना," धाकटी मोठ्याने म्हणाली.

"थांब वं," आई कान न काढता म्हणाली, "हिचं होऊ दे."