केशरी चरबीच्या दोन बरण्या

अझेली पातँ शाळेत परतली ती मागच्या दाराने. तिसरीतून तिचे नाव काढले तेव्हा ती दहा वर्षांची होती, आणि स्वयंपाकीण म्हणून त्याच आवारात पुन्हा पाऊल ठेवले तेव्हा अडतीस. पुढच्या दाराला पायऱ्या होत्या, वर झेंडा होता. मागच्या दाराजवळ पावसाचे पाणी साठवणारा लाकडी हौद होता. त्या हौदामागे बसून तिने लहानपणी आपला डबा खाल्ला होता. झाकण पूर्ण उघडायचे नाही, हाताने आडोसा करायचा, दोन घासांमध्ये मान वर करून पाहायचे. गावातल्या दुकानदारांची मुले विकतच्या पांढऱ्या पावात मांसाच्या गुलाबी चकत्या घालून आणत. तिच्या डब्यात भात असे आणि भातावर क्रॉफिश: बोटभर लांबीची, नांग्यांची, शेवंडीच्या जातीची ती चिखलातली मासळी. ती फुकट मिळे, म्हणून ती गरिबांची होती. आणि गरिबांची होती, म्हणून ती लपवून खायची होती. शाळेत घरची फ्रेंच बोलले तर मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकावे लागत. क्रॉफिश खाल्ल्याची शिक्षा मात्र शिक्षकांना द्यावी लागत नसे. ती मुलेच परस्पर देत.

एकोणीसशे सत्तावनच्या मार्चमध्ये ती अठ्ठेचाळीस वर्षांची होती आणि त्या स्वयंपाकघरात तिला दहा वर्षे झाली होती. ख्रिस्ती उपासाचा काळ होता. शुक्रवारी मांस नाही, मासळी चाले. दर शुक्रवारी शहराकडून गोठवलेल्या माशाच्या कांड्या यायच्या आणि त्या भट्टीत घालून मुलांना द्यायच्या, असा शाळेचा शिरस्ता होता. मुले त्या अर्ध्या टाकत. त्या आठवड्यात नदीला पूर आला, बांधाखालचा रस्ता बुडाला आणि बुधवारी निरोप आला की गाडी येणार नाही.

त्याच पुराने दलदलीचे पाणी रानात पसरले होते. अझेलीचा नवरा उलीस पहाटे होडी घेऊन पिंजरे उपसायला जाई आणि होडी बुडेल की काय अशी भरून परत येई. अंगणात पोती चुळबुळत पडलेली असत. गाडी येणार नसल्याचे ऐकल्यावर अझेलीला त्या पोत्यांची आठवण आली. मग शुक्रवारपर्यंत तिच्या डोळ्यांपुढे एकच चित्र होते. शाळेच्या ताटात, सरकारी लोण्यात शिजवलेले, झाकणाखाली आपल्याच रसात मऊ झालेले क्रॉफिशचे एतुफे, भातावर वाढलेले, सगळ्यांच्या देखत. एकशेऐंशी मुले, आणि एकही हौदामागे नाही.

ती एकशेऐंशी मुले गोरी होती, हे इथेच सांगितले पाहिजे. पाण्यापलीकडे काळ्या मुलांची शाळा वेगळी होती. त्यांच्या घरी हीच फ्रेंच होती, हेच क्रॉफिश होते, आणि अशीच शरम त्यांच्याही वाट्याला होती, इतर अनेक अपमानांच्या जोडीने. त्या दिवशी अझेलीच्या मनात ती मुले आली नाहीत. तिच्या आनंदाला ही मर्यादा होती. तिला ती दिसत नव्हती, कारण गावातल्या गोऱ्यांपैकी कोणालाच ती दिसत नव्हती.

परवानगी मुख्याध्यापिकेची लागणार होती. अझेली पदर झटकावा तसा एप्रन झटकून, कामाला लागल्यापासून पहिल्यांदाच पुढच्या पायऱ्या चढून, मिसेस हॉल्कम यांच्या खोलीत गेली.

त्या गावात नव्या माणसाला नाव विचारण्याची रीत नव्हती. विचारायचे एकच: तू कोणाची? बाप कोण, आजा कोण, कुठल्या पाण्यावरचे घर, एवढे कळले की माणूस ओळखीचे झाले. मिसेस हॉल्कम सहा वर्षांपूर्वी नेमणुकीचे पत्र घेऊन न्यू ऑर्लिन्सहून आल्या, आणि त्यांना हा प्रश्न विचारण्याचे धाडस कोणाला झाले नव्हते. त्या विधवा होत्या, ताठ बसत, आणि त्यांचे इंग्रजी कडक इस्त्री केल्यासारखे होते. दुपारचे जेवण त्या आपल्या खोलीत, दार लावून घेत.

अझेलीने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितले ते बाईंनी ऐकून घेतले. अखेर म्हणाल्या की शिजवा. पण शुक्रवारी दहा वाजता पहिली चव त्या स्वतः घेतील. मुलांना देण्याजोगे वाटले नाही, तर चीज आणि बिस्किटे वाटली जातील आणि भांडे मागच्या दाराने परत जाईल.

गुरुवारी दुपारी तीनला अझेलीच्या ओसरीवर आठ बाया जमल्या. उलीसने पाच पोती उकळत्या पाण्यातून काढून, वाफाळतीच, लांब मेजावर ओतली. मेज लालभडक झाले. बोटे चालू लागली: डोके पिळून वेगळे, शेपटीचे कवच दोन बोटांनी चिरडून सैल, मांस एका ओढीत बाहेर. तोंडे बोटांहून वेगाने चालत होती. कोणाची सून भात चिकट करते, कोणाचा जावई चर्चमध्ये घोरतो, आणि मिसेस हॉल्कम क्रॉफिशला काट्याने टोचून ते मेले आहे याची खात्री करतील की नाही, यावर खल चालला होता. कोणी म्हणाले की त्या हातमोजे घालून खातील. हसण्याने मेज हलले.

हसली नाही ती अझेली. तिच्यापुढे पाण्याचे टप होते. सोललेले मांस ती एका पाण्यातून काढून दुसऱ्यात घालत होती, दुसऱ्यातून तिसऱ्यात. क्रॉफिशच्या डोक्यात केशरी चरबी असते, लोण्याहून मऊ. ती शेपटीच्या मुळाशी चिकटून येते, आणि एतुफेला जे एतुफेपण येते ते तिच्यामुळे. अझेली तीच धुऊन काढत होती. ती हाताला वास सोडते, ताटावर तवंग आणते, आणि ज्यांनी ती कधी खाल्ली नाही त्यांना ती घाण वाटते. मांस पांढरे, निर्मळ दिसले पाहिजे होते. लोण्यातल्या कोळंबीसारखे, कुठल्याही हॉटेलात शोभेल असे.

तिची नणंद ओलिदा समोरच बसली होती. ती ठेंगणी होती, जिभेची तिखट, आणि चाळीस वर्षे याच कामात मुरलेली. तिसरे पाणी पाहून तिने हातातली शेपटी खाली ठेवली.

"वहिनी, बाप्तिस्मा देतेस का त्यांना?" ती म्हणाली. "आपला पाद्रीसुद्धा एवढं पाणी ओतत नाही."

"तुला नाही कळायचं," अझेली म्हणाली. "त्या बाईला चरबी दिसली तर भांडं माघारी येईल."

"आणि चरबी नसली तर भांड्यात काय येईल? भिजलेला दोरा."

अझेलीने मांस तिसऱ्या पाण्यातून निथळून घेतले. चूक कुठे होत होती हे तिला समजत नव्हते असे नाही. पण ज्याला लहानपणी लपून खायला शिकवले आहे, त्याला संधी मिळाली की तो आधी आपलीच वस्तू धुवायला घेतो. शरम बाहेरून लादली जाते खरी, पुढे मात्र ती आपल्याच हातांनी काम करते. ओलिदाला असे काही सुचले नसते. तिने एवढेच केले की डोकी टाकून न देता आपल्याकडे ओढली, आणि प्रत्येक डोक्यातून करंगळीने चरबी खरवडून दोन बरण्या भरल्या. झाकणे घट्ट लावली, बर्फात ठेवल्या, आणि कोणाला काही सांगितले नाही.

शुक्रवारी सकाळी सातला शाळेची चूल पेटली. ओलिदा मदतीला आली होती आणि आल्या आल्या तिने काहीतरी शीतपेटीच्या तळाशी सरकवले. सरकारने शाळांना दिलेले शिलकी लोणी पिवळ्या विटांसारखे रचलेले होते. अझेलीने चार विटा मोठ्या काळ्या भांड्यात सोडल्या. वर कांदा, ढोबळी मिरची, सेलरीचे देठ, लसूण. आच मंद. कांदा लाल होऊ द्यायचा नाही, विरघळू द्यायचा. घाई केली की तो कडू होतो आणि मग काही उपाय नसतो. पाऊण तासाने भांड्याच्या तळाशी कांद्याचा आकार उरला नाही, नुसता गोडवा उरला. मांस, लाल तिखट, मीठ, बेताचे पाणी. झाकण. बाजूच्या तीन पातेल्यांत भात फुलत होता. वास खिडकीतून वर्गांकडे गेला आणि पहिलीच्या वर्गातून बाकांचा आवाज ऐकू यायला लागला. शिक्षिकेने दोनदा दार लावले आणि तिसऱ्यांदा उघडे ठेवले.

अझेलीने एक पांढरी बशी दोनदा पुसून ठेवली.

ठीक दहाला मिसेस हॉल्कम आल्या. स्वयंपाकघरात त्या याआधी कधी आल्या नव्हत्या. अझेलीने त्या बशीत भाताचा छोटा ढीग केला, त्यावर दोन पळ्या एतुफे, वर कांद्याची हिरवी पात. बाईंनी उभ्यानेच चमचा घेतला. एक घास खाल्ला. थांबल्या. दुसरा घेतला, या वेळी नुसता रस, आणि तो जिभेवर धरून ठेवल्यासारखा वेळ लावला. मग इंग्रजीत म्हणाल्या की रंग चांगला आहे, स्वच्छ आहे, आक्षेप घेण्यासारखे काही नाही.

अझेली बशी परत घ्यायला पुढे झाली, पण बाई जात नव्हत्या. त्यांनी चमच्याने रस ढवळला. कडेने, मग तळाशी, काही हरवलेले शोधावे तसा. कपाळावर आठी आली. आणि मग त्या फ्रेंचमध्ये बोलल्या. पुस्तकातली फ्रेंच नव्हती ती. दलदलीतली होती, शब्दांची टोके चावून बोललेली.

"चरबी कुठं गेली ह्यातली?"

बाईंचा चेहरा हळूहळू गळ्यापासून वर लाल होत गेला. ज्याने ती चरबी घरी खाल्ली नाही त्याला ती हरवलेली कळत नाही. एवढी गोष्ट तिघींनाही ठाऊक होती.

"धुतली," अझेली म्हणाली. "तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी?"

"तुम्हाला घाण वाटेल म्हणून."

बाईंनी बशी खाली ठेवली. मग त्यांनी मनगटावरचे घड्याळ पाहिले आणि पूर्वीच्याच करड्या स्वरात, पण फ्रेंचमध्येच, म्हणाल्या, "अकराला घंटा होते. चरबी नसेल तर हे मुलांना द्यायचं नाही. त्यांना वाटेल, शाळेतलं एतुफे असंच असतं."

ओलिदा तोवर शीतपेटीत अर्धी शिरली होती. बाहेर आली ती दोन्ही काखांत एकेक बरणी घेऊन. तिला काही बोलायची गरज नव्हती आणि तरीही ती बोलली. "भिजलेला दोरा म्हटलं होतं मी काल. कोणी ऐकलं नाही."

पुढची पन्नास मिनिटे ही त्या स्वयंपाकघराने पाहिलेली सगळ्यांत वेगवान पन्नास मिनिटे असावीत. चरबी न परतता शेवटी तशीच ओतली तर उग्र लागते, म्हणून अझेलीने दुसरी कढई तापवून लोण्यात थोडा कांदा परतला आणि त्यात दोन्ही बरण्या रित्या केल्या. चरबी फेसाळली, गडद झाली, कढईच्या कडांवर केशरी तेल सुटू लागले. ओलिदा ढवळत होती. आणि मुख्याध्यापिका हॉल्कम जाकीट खुंटीला टांगून, बाह्या कोपरापर्यंत सारून, पात चिरत होत्या. त्यांची सुरी झरझर चालत होती, सवयीच्या हाताची. कढई मोठ्या भांड्यात रिकामी झाली तेव्हा पांढुरका रस एका ढवळण्यात सोनेरी झाला आणि त्या वासाने तिघीही क्षणभर हलल्या नाहीत.

घंटा झाली. मुले रांगेने आत आली आणि पहिली दहा-बारा ताटे वाढेपर्यंत कोणी चमचा उचलला नाही. आपल्या घरचे जेवण शाळेच्या ताटात पाहून ती बावरली होती. काहींनी सवयीने ताटाभोवती हात घेतले. अझेलीने ते पाहिले. तेवढ्यात मिसेस हॉल्कम स्वतःचे ताट घेऊन, खोलीकडे न जाता, मधल्या बाकावर मुलांच्यात जाऊन बसल्या. त्यांनी भात कालवला आणि खाऊ लागल्या. शेवटी पावाच्या तुकड्याने ताट पुसून घेतले, जसे घरी करतात तसे. सगळ्या नजरा त्यांच्यावर होत्या. हात एकेक करून ताटांभोवतून सुटले. मग जो कल्ला सुरू झाला त्यात इंग्रजी फारशी ऐकू आली नाही, आणि त्या दिवशी कोणी कोणाला गुडघे टेकायला लावले नाही. दुकानदाराची नात दुसऱ्यांदा मागायला आली. भांडे इतके खरवडले गेले की ओलिदाच्या म्हणण्याप्रमाणे ते घासायची गरज उरली नव्हती.

भांडे तळाला जाण्याआधीच अझेली भरलेली पळी घेऊन मधल्या बाकापाशी गेली होती. सहा वर्षे गावाच्या जिभेवर थांबलेला प्रश्न तिच्या तोंडून निघाला, आणि निघताना त्यातले 'तुम्ही' गळून पडले.

"बाई, तू कोणाची गं?"

मिसेस हॉल्कम यांनी रिकाम्या ताटात चमचा ठेवला. आजूबाजूची मुले कान देऊन ऐकत होती, आणि ती ऐकत आहेत हे बाईंना माहीत होते.

"आदेलार बेर्तलोची," त्या म्हणाल्या. "बायू पिजनच्या पाण्यावरच्या. तरत्या घरातली."

तरत्या घरांतली माणसे म्हणजे गरिबांनीही ज्यांना गरीब म्हणावे अशी. ज्यांना जमिनीवर अंगणसुद्धा नव्हते. अझेलीने मान डोलावली. आदेलार बेर्तलो, जाळी विणायचा तो. उलीसच्या चुलत्याने त्याच्याकडूनच जाळी घेतली होती, आणि ती अजून शेडमध्ये टांगलेली होती.

"मग ताट पुढे कर," ती म्हणाली. "त्या पाण्यावरची माणसं एवढ्याशा भातावर उठत नाहीत."