दारातलं मीठ

बाबा गेले त्या वर्षी मी आईला शारजाला घेऊन आलो. रत्नागिरीजवळच्या आमच्या खाडीकाठच्या घरातून निघताना तिनं सगळ्या खिडक्या लावल्या, पुन्हा उघडल्या, पुन्हा लावल्या. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. "येतेय रे. माहेरी चाललेय का मी, धावत सुटायला?" असं म्हणत शेवटी ती बाहेर आली. काही वर्षांपूर्वी याच दारातून मी गल्फला निघालो तेव्हा मागे वळूनही पाहिलं नव्हतं, कारण मागे ती उभी होती. आता तीच पुढे निघाली, आणि वळून पाहायचं काम माझ्यावर आलं.

शारजात रोल्लाच्या बाजारापासून जवळच एका जुन्या व्हिलाचा तळमजला आम्ही भाड्यानं घेतला होता. माझं ऑफिस दुबईत, देरात. जाता-येता ट्रॅफिकमध्ये इतका जीव जायचा की घरी आल्यावर बूट काढायचाही कंटाळा येई. जे इकडे आलेत त्यांना हे सांगायला नको. जे तिकडे राहिलेत त्यांना सांगून पटत नाही. आम्ही एसीत मजेत बसलोय असंच त्यांना वाटतं.

बायको मेधा नोकरीला, मुलगी सई शाळेत, आणि आई घरात एकटी. तिला इथं करमलं पाहिजे, एवढी एकच काळजी मला त्या दिवसांत होती. तिकडे एकटं ठेवण्याची माझी हिंमत नव्हती, आणि इकडे ती दर आठवड्याला परतीच्या तिकिटाचं विचारायची. मग दारापुढच्या, गाडी उभी करायच्या फरशीकडे तिचं लक्ष गेलं. कडेच्या मातीत तिनं अळू आणि मोगरा लावला, त्यांना तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी घालायची, आणि रोज पहाटे फरशीवर सडा घालायला सुरुवात केली. घरातलं पाणी समुद्राचं गोडं करून येतं, जपून वापर, असं मीच तिला सांगितलं होतं. म्हणून सडा ती कंपाउंडमधल्या बाहेरच्या नळाचा घालायची. तिकिटाचा विषय बंद झाला. मी सुटलो.

उन्हाळा सरता सरता फरशी पांढरी दिसू लागली. आधी वाटलं चुना असेल. सईनं तर जाहीरच केलं, "आजी, इट्स स्नो." दिवसा तो थर कडक असे, पण रात्रीच्या दमट हवेनं पहाटे ओला होऊन बुळबुळीत व्हायचा. अशाच एका पहाटे आई घसरली. हाड वाचलं, पण कोपर सोलवटलं.

वॉचमन पठाण होता, भला माणूस. "अम्माजी, एसिड मारो, खलास," असं म्हणून तो बाटली घेऊनही आला. आई अळवाच्या पुढे उभी राहिली. ते पाणी माझ्या झाडांत जाईल, नको, म्हणाली. मी वैतागलो. चार पानांपायी हात-पाय मोडून घ्यायचेत का, असंही बोललो. तिनं वाकून त्या थराला बोट लावलं आणि जिभेवर ठेवलं.

"मीठ आहे," ती म्हणाली. "खाडीचा बांध फुटला की आपल्या शेतात धरायचं, तसंच. मीच रोज घालत होते की रे."

बाहेरचा नळ बोअरचा, आणि पाणी खारं. वाफ होऊन पाणी उडून जायचं, मीठ फरशीवर राहायचं. पुढच्या शुक्रवारी मी उलथन्यानं सगळा थर कोरडाच खरवडला. मातीत कणही पडू नये म्हणून आई सुपात गोळा करून कचऱ्याच्या पिंपात टाकत होती. उरलेलं काढायला गोडं पाणी हवं होतं. मेधाला एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी आठवलं. त्यात मीठ नसतं. बादल्या भरून ते फडक्यानं फिरवलं, आणि फरशी स्वच्छ झाली. अळवाचं एक पानही करपलं नाही.

पण आईनं सडा बंद केला. पहाटे चहा घेऊन खिडकीत बसायची. आठवड्यानं म्हणाली, "दिवाळी झाली की मला पाठव. इथं माझ्या हातून दारात मीठच पडतं."

बघू, म्हणालो. दमलो होतो. मेधानं मात्र त्या दिवसापासून तिन्ही एसींच्या नळ्यांखाली बादल्या लावल्या. शाळेतून आली की सई पाहून यायची आणि आजीला सांगायची, "ऑलमोस्ट फुल." दिवाळीच्या पहिल्या पहाटे त्या सगळ्या बादल्या आम्ही दारात नेऊन ठेवल्या. आईनं एका बादलीत बोट बुडवून जिभेवर ठेवलं. मग पदर खोचून तिनं सडा घातला, रांगोळी काढली, आणि आत येऊन फराळाचं ताट घेतलं.

चिवडा खाता खाता ती म्हणाली, "तिकडचं घर भाड्यानं देऊन टाक. बंद राहिलं की वाळवी लागते."

हेच तर मला हवं होतं. तरी हातातली चकली मी परत ताटात ठेवली.

पुढच्या सुट्टीत मी एकटाच गावी गेलो. कागदपत्रांचं काम होतं. आमच्याच ओटीवर पाहुण्यासारखा बसून चहा प्यायलो. घर फोनवरूनच भाड्यानं दिलं होतं, त्यामुळे भाडेकरू बाई मला ओळखत नव्हत्या. कुठून आलात, त्यांनी विचारलं.

मी शारजा म्हणालो.